कुंताच्या हातचं पाणी

"माह्या हातून विष गेलं असंल, तर पहिले मले सांगा," ती बाई म्हणाली. "मंग खुशाल पोलिसाले सांगा."

बाबूभाईंनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि समोरचं उघडं घड्याळ बाजूला सारलं.

चांद्याच्या जटपुरा दरवाजाच्या आत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत मनसाराम गुरनुले बसायचा. एके काळचा पोलीस जमादार, आता खासगी चौकशा करणारा. त्याच्याकडे नाना तऱ्हेची माणसं यायची. कुणाचा भाऊ परागंदा झालेला, कुणाची बैलजोडी चोरीला गेलेली. पण स्वतःवर आलेल्या आळाची चौकशी करा म्हणून आलेली ही पहिलीच.

मनसारामने बाकडं पुढे केलं. बाबूभाईंनी सुरईतलं पाणी दिलं. ती पेला हातात धरून बसून राहिली.

"प्या ना, बाई."

"पेतो," ती म्हणाली. "माह्या घरी पाण्याचाच वांधा झाला, म्हणून पाह्यत होतो."

तिचं नाव कुंता. नवरा डोमा मारबते घुग्घुसच्या कोळसाखाणीत कामाला. सासरा इस्तारी वडशाकडच्या कोसंबटोल्याचा ढीवर. उभा जन्म गावच्या तळ्यात मासे धरण्यात गेलेला. सासू वारली. म्हातारा बाप छातीभर पाण्यात उभा राहतो आणि मुलगा खाणीत पगार घेतो, हे डोमाला बरं दिसेना. गेल्या साली तो बापाला घुग्घुसला घेऊन आला.

"आले तवा चांगले होते मामाजी," कुंता सांगू लागली. "मंग डोस्कं धरून बसाले लागले. एक दिवस जेवता जेवता उजवा हात गळाला. जीभ जड झाली. थोड्या वेळानं आपोआप बरं. मंग असंच घडी घडी होऊ लागलं. पावसाळ्यात गावाले गेले, तं अगदी ठणठणीत झाले. दिवाळीनंतर आमच्याकडं आले, की पुन्हा तेच. होळीच्या दिवशी अंगणात पडले. तवापासून बोलताना शब्द चुकतेत. मले गोकुळा म्हणतेत."

"गोकुळा कोण?"

"माही नणंद. विधवा आहे, गावाले राह्यते. बाप पडला म्हणून आली. तिनंच म्हटलं, गावाले चांगला राह्यते, इथी आला की पडते, म्हणजे खाण्यातच काही आहे. आता रांधणं तिच्याकडं. माह्या हातचं पाणीबी कोणी पेत नाई."

"आणि डोमा काय म्हणते?"

"काईच म्हणत नाई." इतका वेळ सरळ असलेला तिचा आवाज इथे हलला. "मारलं असतं तं बरं झालं असतं, भाऊ. पहिले पाळी सुटली की फाटकापासूनच हाक देत होता. आता येते, खाली मान घालून जेवते, भिंतीकडं तोंड करून झोपते. एका घरात राहून त्याची वाट पाह्यतो मी."

बाबूभाईंनी मान वळवली. त्यांची बायको जैनब जाऊन दोन पावसाळे झाले होते. पठाणपुऱ्यातल्या त्यांच्या घरात आता कुणी हाक मारायला नव्हतं. घरी लवकर जावं लागू नये म्हणूनच ते मनसारामच्या मागे मागे फिरत, हे मनसारामला ठाऊक होतं. तो बोलून दाखवत नसे.

"गोकुळाबाई आल्यावर म्हाताऱ्याले पुन्हा झटका आला?" मनसारामने विचारलं.

"आला. परवाच."

"तिच्या हातचं जेवून?"

"हो. ती म्हणते, जुनं विष आहे, उतराले वेळ लागते."

मनसाराम उठला आणि त्याने खुंटीवरची टोपी घेतली.

"बाबूभाई, दुकान बंद करा. घुग्घुसची मोटार मिळंल आपल्याले."

*

घुग्घुसला सगळ्यावर कोळशाची बारीक भुकटी होती. झाडांवर, कौलांवर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर. चैत्र लागला होता आणि ऊन आत्ताच भाजत होतं.

इस्तारी छपरीत बसला होता. मांडीवर फाटकं जाळं होतं आणि तो लाकडी सुईने त्याची तुटलेली घरं विणत होता. चेहरा पळसाच्या फुलासारखा लाल. डोळेही तांबारलेले. पावलांखाली त्याने ओलं पोतं घेतलं होतं.

"घेते का?" बाबूभाईंनी हळूच कुंताला विचारलं आणि अंगठा तोंडाकडे नेला.

"सासूबाई गेल्या तवापासून थेंब नाई. लोकाईले वाटते घेते म्हणून."

मनसाराम म्हाताऱ्याच्या शेजारी उकिडवा बसला. "राम राम, बाबा. पाय ओले काऊन ठेवले?"

"जळतेत," इस्तारी म्हणाला. "निखाऱ्यावर ठेवल्यासारके."

मनसारामने पोतं सरकवून पाय पाहिले. पावलं लालबुंद होती. पोटऱ्यांवर जुने डाग होते, बारीक, तीन टोकांचे, पुष्कळ. सगळे वाळून फिके पडलेले.

"जाळं कोणासाठी विणता? इथी तळं कुठी आहे?"

म्हातारा हसला, पण डोळे हसले नाहीत. "हाताले सवय. तुमाले आमचं तळं माहीत नाई, भाऊ. तिकडल्या पारीवर, म्हंजे बांधावर, अर्जुनाची झाडं आहेत. सकाळी पाण्यावर धूर चढते. कमळाच्या वेलात पाय अडकतेत, खाली मरळ हलली की पायाले समजते. पाण्यात उभं राह्यलं की डोस्कं कसं हलकं होते. इथी..." त्याने खाणीच्या दिशेला पाहिलं. "इथी नळ आहे. पोरगा चांगला आहे माहा. पण रातच्याले मले पाण्याचा आवाज येते, अन् जाग आली की नळ टपकत राह्यते."

माणूस कशासाठी झुरतो हे बाहेरच्याला कळत नाही, बाबूभाईंच्या मनात आलं. त्याला तो म्हातारपणाचा हट्ट वाटतो.

"सून कशी आहे?" मनसारामने विचारलं.

"गोकुळा ना? चांगली..." इस्तारी अडखळला. "नाई. गोकुळा तं पोरगी. सून... सुनेचं नाव..."

तोंडातलं वाक्य घसरलं. ओठाचं उजवं टोक खाली आलं. हातातली सुई सुटताना तिचं टोक दुसऱ्या हाताच्या बोटात रुतलं, तरी त्याला कळलं नाही. त्याने काहीतरी म्हटलं, पण ते शब्द नव्हते.

कुंता पाण्याचा गडू घेऊन धावली. आतून आलेली गोकुळा तिच्या आडवी झाली. "खबरदार! ठेव तो खाली!"

मनसारामने म्हाताऱ्याला भिंतीशी टेकवलं. पापण्या वर करून डोळ्यांतल्या बाहुल्या पाहिल्या. नाडी पाहिली. मग तो नुसताच म्हाताऱ्याच्या बोटाकडे पाहत राहिला. सुई लागली तिथे रक्ताचा थेंब आला होता. काळसर, जड. तो ओघळला नाही, लाखेच्या मण्यासारखा तिथेच बसून राहिला.

चहा निवावा तेवढ्या वेळात इस्तारीचा हात हलू लागला.

"...कुंता," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. "सुनेचं नाव कुंता."

*

गोकुळाला मनसारामने परसात गाठलं. उंच, वाळकी बाई. बोलताना हाताने सारखा पदर घट्ट ओढणारी.

"तुमचा संशय खरा कशावरून?"

"कशावरून म्हंजे?" गोकुळाने कुंपणाकडे बोट केलं. तिथे पांढऱ्या फुलांचा धोतरा उभा होता. "हे पाहा. महादेवाले वाह्यतो म्हणते. ह्याचं बी कालवणात घातलं तं माणूस लाल होते, बडबडते. अन् आंघोळीच्या पाण्यातबी काही टाकते ते. इथी कढत पाण्यानं आंघोळ केली की बा रगत येईस्तोवर अंग खाजवते. खाजकुइली टाकते का काय! गावाले तळ्यात डुबते तवा काई खाजत नाई."

"आता पाणी कोण तापवते?"

"मीच."

"आता खाजत नाई?"

गोकुळाने पदर आणखी घट्ट ओढला. "अंगात भिनलं असंल."

"पावसाळ्यात गावाले आले, तवा काय औषधपाणी केलं तुम्ही?"

"काईच नाई. डोमानं औषधाची बाटली देल्ली होती संगं. हिच्या घरची वस्तू, मी उकिरड्यावर फेकली. मंग बा रोज तळ्यात जाये. दोन वेळा भात अन् मासे. माह्या मांगं कामच काम. त्याचं धोतर धुता धुता हात मोडत होते."

"धोतर काऊन?"

"तळ्यात जळवा आहेत ना, भाऊ. मणमण! पोटऱ्याईले लागल्या की रगत थांबत नाई. मी राख दाबत होतो, तंबाखू लावत होतो. पण बाले त्याचं काई नाई. हसते अन् म्हणते, तळ्याचा वाटा आहे तो." बोलता बोलता तिचा चेहरा मऊ झाला. "घर भरलेलं होतं तवा. आता दिवा लावाले मी एकटी."

मनसाराम तिथून छपरीत परतला.

डोमा पाळीवरून आला तेव्हा ऊन कललं होतं. अंगावरची काजळी धुऊन तो समोर येऊन बसला. कुंता दाराआड उभी होती. त्याने तिकडे पाहिलं नाही, पण ती तिथे आहे हे त्याच्या पाठीला कळत होतं, असं बाबूभाईंना वाटलं.

"तुमच्या बायकोवर तुमचा वहीम आहे?" मनसारामने सरळ विचारलं.

"मले काईच समजत नाई, साहेब." डोमा तळव्यांकडे पाहत म्हणाला. "तिले विचारलं अन् ती हो म्हणाली तं? नाई म्हणाली अन् मले खरं नाई वाटलं तं? म्हणून विचारतच नाई."

"बापाला औषध कोण देते?"

"मी. ते मी कोणाच्या हाती देल्लं नाई." डोमा उठला आणि कुलुपाच्या पेटीतून काळपट बाटली घेऊन आला. "बा आला तवा इथल्या एका कंपाउंडरले दाखवला. त्यानं डोळ्याची पापणी ओढून पाह्यली. म्हणे, फिक्का आहे, रक्त कमी आहे. हे रक्त वाढवाचं, ताकदीचं. कामाले जायच्या पहिले रोज मी माह्या हातानं पाजतो. एक बाटली सरली की दुसरी आणतो. हिवाळ्यात तं दुप्पट देल्लं."

"फरक पडला?"

"चेहरा तं लाल झाला पाहा," डोमा म्हणाला.

मनसारामने बाटलीचं बूच काढून वास घेतला, थेंबभर जिभेला लावला आणि बाटली खिशात घातली.

"ही मी नेतो. माझं काम होईपर्यंत दुसरी आणू नका. म्हाताऱ्याला पाणी भरपूर पाजा, कुणाच्याही हातचं. परवा सगळेजण चांद्याला या. म्हाताऱ्याला घेऊन."

*

परतीच्या मोटारीत बाबूभाईंनी आपला निकाल सांगून टाकला.

"मनसाराम, हा मामला सोपा आहे. कोणी विषबिष देत नाही. बुढा सोंग करून राह्यला. त्याचं दिल तळ्यात आहे. इथं आजारी पडलं की गावाला पाठवतील, हे त्याला समजलं. तू त्याला तळ्याबद्दल बोलताना पाहिलं ना?"

"पाहिलं."

"मग?"

"जीभ अडखळवता येते, बाबूभाई. हात लुळा सोडता येतो. सुई रुतली तरी हूं की चूं न करणं, हेही एखादा पक्का माणूस करील. पण बोटातून येणारा रक्ताचा थेंब कसा असावा, हे कोणाच्या हातात नाही."

"म्हणजे धोतरा?"

"धोतऱ्यानं डोळ्यातल्या बाहुल्या ताटाएवढ्या होतात अन् माणूस प्रहर प्रहर बरळतो. याच्या बाहुल्या तुमच्यामाझ्यासारख्या होत्या, अन् चहा निवेपर्यंत तो शुद्धीवर आला."

बाबूभाई म्हणाले, "पण त्याची तळ्याची ओढ खोटी नाही."

"नाही," मनसाराम म्हणाला. "ती खरीच आहे. मी तीच धरून चाललो आहे."

याचा अर्थ बाबूभाईंना लागला नाही. बाहेर मोहाची झाडं मागे पळत होती आणि हवेत गळलेल्या फुलांचा गोड, उग्र वास होता. जैनबला हा वास आवडत नसे. त्यांनी खिडकीची काच वर केली, आणि मग कुणासाठी केली हे आठवून पुन्हा खाली घेतली.

*

डॉक्टर शमसुन्निसा हैदराबादेला शिकून चांद्यात आल्या होत्या. स्वतःचा दवाखाना, बोलणं मोजकं. मनसारामने त्यांना आधी बाटली दिली होती, मग सगळी हकिगत. सगळे आले त्या सकाळी त्यांनी इस्तारीच्या दंडातून रक्त काढून नळीत घेतलं, त्याचं पोट चाचपलं, आणि त्या आतल्या खोलीत जाऊन बऱ्याच वेळाने बाहेर आल्या.

बाहेरच्या खोलीत सगळे बसले होते. गोकुळा बापाला चिकटून. डोमा भिंतीशी. कुंता दाराजवळ, सगळ्यांपासून लांब.

डॉक्टरांनी मनसारामकडे पाहून मान हलवली.

"बाटलीत विष नाही," मनसाराम म्हणाला. "इस्तारीबाबांच्या अंगातही नाही. कुंताबाईंनी त्यांना काहीही दिलेलं नाही."

दाराजवळ कुंताने चौकट धरली.

"मंग बाले काय झालं?" गोकुळा म्हणाली. "गावाले चांगला अन् इथी..."

"तुम्ही पकडलेला धागा बरोबर होता, गोकुळाबाई. गावाला चांगला, घुग्घुसला आजारी. फक्त तुम्ही एकच प्रश्न विचारला, घुग्घुसला याच्या पोटात काय जाते? मीही तोच विचारत होतो. पण कुंताबाईंचा हात चुलीवरून निघाला तरी झटका आला. तिनं पाणी तापवणं बंद केलं तरी खाज आली. मग मी प्रश्न फिरवला. गावाला म्हाताऱ्याच्या अंगातून असं काय बाहेर जात होतं, जे घुग्घुसला जायचं थांबलं?"

मनसारामने इस्तारीच्या पायांकडे बोट केलं.

"त्यांच्या पोटऱ्यांवर तीन टोकांचे डाग आहेत. जळवांचे. सगळे जुने. अन् रक्तानं भरलेलं धोतर धुता धुता कोणाचे हात मोडत होते, हे तुम्हीच सांगितलं."

गोकुळाचा हात आपोआप पदराकडे गेला.

"घुग्घुसला मी त्यांच्या बोटातला थेंब पाहिला. तो ओघळला नाही. लहानपणी गुडघा फुटला नाही असा कोणी नाही, डोमा. रक्त कसं वाहते हे सगळ्यांना माहीत आहे. ते रक्त वाहायला तयार नव्हतं. चेहरा लाल, डोळे लाल, पाय जळतात, कढत पाण्यानं खाज, हे सगळं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. पुढचं त्या सांगतील."

डॉक्टरांनी दोन काचेच्या नळ्या उजेडात धरल्या. "हे माझ्या कंपाउंडरचं रक्त. हे तुमच्या वडिलांचं. दोन्हीतले लाल कण खाली बसू दिलेत. इथे अर्ध्याहून कमी नळी लाल आहे, वर पाणी. तुमच्या वडिलांची जवळजवळ सगळी लाल आहे."

"म्हंजे रक्त लय आहे?" डोमाने विचारलं. "मंग ते तं चांगलंच ना?"

"नाही. रक्तातले हे लाल कण हाडांच्या आत तयार होतात. काही माणसांत ते कारण नसताना भरमसाट तयार होतात. कणांची गर्दी झाली की रक्त घट्ट होतं. मोठ्या नसांतून ते कसंतरी जातं. मेंदूतल्या नसा फार बारीक असतात. तिथे ते रेंगाळतं. मेंदूच्या एखाद्या भागाला थोडा वेळ रक्त पुरत नाही. तो भाग हाताचा असेल तर हात गळतो, बोलण्याचा असेल तर जीभ. पुन्हा रक्त सरकलं की माणूस बरा. पण एक दिवस ते सरकणार नाही, तिथेच गोठेल. मग हात कायमचा जाईल. किंवा माणूस."

बाबूभाईंना अचानक उमगलं. "घड्याळात तेल घट्ट झालं की असंच होते," ते म्हणाले. "एकही दात तुटलेला नसते, चावी पूर्ण असते, पण काटा मध्येच थबकते. पुन्हा चालते, पुन्हा थबकते. आपण तुटलेलं चाक शोधत बसतो."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाल्या. "यावर साधा उपाय म्हणजे रक्त काढून टाकणं. रक्त पातळ होतं, वाहू लागतं. तळ्यातल्या जळवा तेच करत होत्या, वर्षानुवर्षं. रोज थोडं थोडं. रक्ताबरोबर अंगातलं लोहही जात होतं, म्हणून शरीराला नवे कण पुरेसे बनवता येत नव्हते. पापणी फिकी दिसली ती त्यामुळे."

डोमा हळूहळू ताठ झाला.

"डॉक्टरीणबाई," तो म्हणाला, "त्या बाटलीत काय होतं?"

डॉक्टरांनी मनसारामकडे पाहिलं. मनसारामने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"लोह," तो म्हणाला. "जिभेला लावलं तेव्हाच खिळ्याची चव लागली. तळ्याच्या बांधात तुडूम असतो, डोमा, पाणी अडवायचा अन् सोडायचा. लोह कमी होतं म्हणून तो तुडूम बंद होता. तू रोज सकाळी तो उघडत गेलास. जळवा सुटल्या अन् औषध सुरू झालं, दोन्ही एकदमच. गोकुळाबाईंनी बाटली फेकली अन् बाबा तळ्यात उतरले, दोन्ही पुन्हा एकदमच. म्हणून गावाला बरे. हिवाळ्यात तू औषध दुप्पट केलंस, अन् होळीला ते पडले."

"म्हंजे मी?" डोमाचा आवाज फुटला. "म्हंजे मीच?"

"तू बापावर माया केलीस. त्याला पाण्यातून काढलंस, ताकदीचं पाजलंस. कोणीही हेच केलं असतं. यात गुन्हेगार नाही."

"मले रोज वाटे चेहरा लाल होऊन राह्यला, बा सुधरून राह्यला..." डोमाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

इस्तारीने गोकुळाचा हात सोडवला, उठून लेकापाशी गेला आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरा," तो म्हणाला. पुढचे शब्द जुळत नव्हते. त्याने प्रयत्न सोडून दिला आणि तसाच हात फिरवत राहिला.

गोकुळा एकाएकी बोलली, कुणाकडे न पाहता. "मले बा पाह्यजे होता घरी. म्हणून मले तसं दिसलं. आई गेल्यावर त्या घरात बोलाले कोणी नाई." मग ती दाराकडे वळली. "कुंते..."

कुंताने तोंड फिरवलं आणि ती बाहेर गेली.

बाबूभाईंच्या खांद्यावर मनसारामचा हात पडला. "तुमचं अर्धं बरोबर होतं," तो हळूच म्हणाला. "बुढ्याचं दिल तळ्यात होतं. नुसतं दिल नाही, सगळं अंगच."

डॉक्टरांनी त्याच दिवशी इस्तारीच्या दंडातून बाटलीभर रक्त काढलं. दोन दिवस सोडून पुन्हा. पुन्हा. आठवडा उलटला तेव्हा पायांची आग थांबली होती. शब्द पूर्ण परत आले नाहीत, पण सुनेचं नाव त्याने पुन्हा चुकवलं नाही.

"मंग आता तळ्यात जाऊ ना मी?" त्याने विचारलं.

"जा," डॉक्टर म्हणाल्या. "पण जळवांच्या भरवशावर राहू नका. दर महिन्याला माझ्याकडे यायचं. चुकलात तर मीच तळ्यावर येईन."

म्हातारा किती तरी दिवसांनी मोकळं हसला.

*

चांदा फोर्ट स्टेशनवर छोटी गाडी उभी होती. इंजिनाचा धूर सकाळच्या उन्हात सरळ वर जात होता. इस्तारी आणि गोकुळा खिडकीशी बसले होते. म्हाताऱ्याचं लक्ष आत्तापासूनच रुळांच्या पुढच्या टोकाला लागलं होतं.

त्याच डब्यात समोरच्या बाकावर कुंता होती, मांडीवर गाठोडं घेऊन. तिचं माहेर याच वाटेवर, नागभीडजवळ.

डोमा खिडकीचे गज धरून उभा होता. मनसाराम आणि बाबूभाई थोडे मागे.

"तू काऊन चालली?" डोमा म्हणाला. "आता तं सगळ्याईले समजलं."

"लोकाईले आज समजलं," कुंता म्हणाली. "तुमाले पहिल्या दिवशी समजाले पाह्यजे होतं."

"माहं चुकलं."

"हो." तिने गाठोड्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "तुमी विचारलं असतं ना, कुंते, काही टाकलं का म्हणून, तं मी रडली असती, भांडली असती, पण इथीच राह्यली असती. तुमी माह्याकडं पाह्यणंच सोडलं. मले थोडे दिवस आईजवळ राहू द्या. कोणी माह्याकडं पाह्यते तिथी."

"मंग? येशील?"

कुंताने पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाहिलं. बराच वेळ. "न्याले या," ती म्हणाली. "कोणाच्या हाती निरोप नका पाठवू. तुमी या. मंग पाहू."

शिट्टी झाली. डोमा गजांबरोबर चालू लागला, मग धावू लागला. फलाटाच्या शेवटी हात सुटला. गाडी सागाच्या झाडांत वळली आणि नुसता धूर राहिला. मग तोही नाही.

डोमा तिथेच उभा राहिला. बाकीची माणसं पांगली, हमाल सावलीला जाऊन बसले, तरी तो हलेना.

"चला, बाबूभाई," मनसाराम म्हणाला. "दुकान उघडायचं ना?"

"तू जा," बाबूभाई म्हणाले.

ते फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेले. पोराच्या शेजारी उभं राहून त्यांनीही थोडा वेळ त्या मोकळ्या रुळांकडे पाहिलं. त्यांना पुष्कळ काही सांगावंसं वाटत होतं. की तुझी गाडी निदान परत येणारी आहे. की घर गप्प झालं की भांड्यांचेही आवाज मोठे वाटतात. त्यातलं त्यांनी काहीच सांगितलं नाही.

"आज पाळी आहे का?" त्यांनी विचारलं.

डोमाने मान हलवली. नाही.

"मग घुग्घुसला जाऊन काय करशील? चल, माझ्या घरी चल. मला भात बरा जमते, डाळ जमत नाही. तुला येते का डाळ?"

"येते," डोमा म्हणाला.

"बस झालं," बाबूभाई म्हणाले, आणि ते दोघे पठाणपुऱ्याच्या वाटेला लागले.